मागच्या बाकावरची आज्जी गायली पाहिजे: मंडळीत एकत्र गायन बसवायचं कसं

काही वर्षांपूर्वी ईस्टरच्या सकाळी आमच्या क्वायरनं असलं काही गायलं की चर्च गप्प झालं. म्हणजे चांगल्या अर्थानं नव्हे. दुसऱ्या ओळीपासूनच लोकांनी तोंडं मिटली, पुस्तकं हातात तशीच, आणि आम्ही सहा जणी न् चार दादा समोर उभे राहून मान ताठ करून ओरडतोय. मागच्या बाकावर एक आज्जी बसतात, सगळी गाणी तोंडपाठ, चष्मा लागतच नाही त्यांना. उपासना झाल्यावर दारात हात धरून म्हणाल्या, "किती वर नेलीस गा पोरी, आमी कुठनं गाऊचं?" बस्स. त्या दिवसापासून माझा हिशेब एकच, क्वायर कशी गायली ते मागच्या बाकाला विचारायचं. आज्जींचे ओठ हलत असतील तर गाणं बसलं, नसतील तर क्वायर कितीही सुरात असो, काम झालं नाही.

मी पेटी वाजवते, खानापूर भागात, आणि बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळ्यांतनं पण अधनंमधनं बोलावतात म्हणून जाते. बरेच जण विचारतात नवीन क्वायर कशी सुरू करायची, लोक गात नाहीत काय करू, म्हणून सगळं एकदा लिहून टाकते. मेथडिस्ट असा, कॅथलिक असा, गावातली छोटी प्रार्थना सभा असो, नव्वद टक्के गोष्टी सारख्याच आहेत.

पहिलं काम: माणसं, आवाज नव्हे

ऑडिशन घेऊ नका. खरंच नका घेऊ. आपल्या मंडळीत तीस-चाळीस घरं असतात, त्यातनं आठ-दहा जण आले तर देवाची कृपा, त्यात परीक्षा घेऊन दोघांना घरी पाठवलंत तर त्यांच्या अख्ख्या घराण्यानं पुढच्या रविवारी गाणं सोडलं म्हणून समजा. त्याऐवजी येईल त्याला घ्या आणि उभं कुठं करायचं ते तुम्ही ठरवा. ज्याचा सूर हलतो त्याला पक्क्या सुराच्या दोघांच्या मधे उभा करा, कान आपोआप धरतो, तीन-चार महिन्यांत फरक पडतो. ज्याचा आवाज भोंग्यासारखा त्याला मागच्या ओळीत, कडेला.

प्रॅक्टिसची वेळ माणसांकडं बघून ठरवा, घड्याळाकडं बघून नको. निपाणीकडं ज्या बायका तंबाखूच्या वखारीत नाहीतर विड्या वळायला जातात त्या संध्याकाळी दमून येतात, घशात धूळ असते, त्यांना आल्या आल्या वरचा षड्ज (सा) लावायला सांगणं म्हणजे छळ आहे. कोमट पाणी, पाच मिनिटं बसू द्या, मग सुरू करा. उसाचा सीझन लागला की पुरुष गायब, हे दरवर्षीचं आहे, त्यावर चिडून उपयोग नाही, त्या चार महिन्यांत दोन सुरांतली गाणी ठेवूच नका, सगळे मिळून एकच चाल गा.

बारा ते पंधरा वर्षांची मुलं. यांचा आवाज फुटत असतो, एकदा चिमणी एकदा बैल, पोरं लाजून पळतात. त्यांना ताण देऊन वर गायला लावू नका, खंजिरी किंवा टाळ हातात द्या, खालच्या सुरात गुणगुणू द्या, वर्षभरानं तेच तुमचे खालचे आवाज होतात. हाकललीत तर परत येत नाहीत.

दुसरं: पट्टी. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो

आमचं ईस्टरचं गाणं का फसलं सांगते. पेटीवाले सगळे काळी एक (म्हणजे पेटीवर सप्तकातली पहिली काळी पट्टी, पांढऱ्या पण अशाच मोजायच्या) धरतात, कारण बुवा लोक, भजनी मंडळवाले बरेचसे तिथंच गातात आणि तीच सवय लागलेली. त्या गाण्याची चाल मधल्या षड्जापासून निघून तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, जात होती. काळी एक म्हणजे षड्ज, तर तार गंधार पडतो पांढरी चारवर. एकटा तयारीचा माणूस तिथं मजेत जातो. पण भाकऱ्या करून, पोरांची वेणीफणी करून, धावतपळत आलेली बाई सकाळी साडेआठला तिथं जात नाही, तिला कशाला दोष द्यायचा.

साधा नियम हा की सगळ्या मंडळीला मिळून गायचंय तर बायकांसाठी वरची हद्द तार सप्तकातली पांढरी दोन, आणि खालची हद्द मंद्र सप्तकातली काळी पाच, फार तर पांढरी सहा (इथं तार, मंद्र म्हणजे पेटीवरचं मधल्याच्या उजवीकडचं आणि डावीकडचं सप्तक). पुरुष आपोआप त्याच्या एक सप्तक खाली गातात, त्यांनाही हे बरोबर बसतं. आता गाणं घ्या आणि एवढंच शोधा की चाल सगळ्यात वर कुठं जाते आणि सगळ्यात खाली कुठं येते. मग:

चाल मधल्या सा पासून तार ग पर्यंत असेल तर षड्ज काळी पाच धरा (मंद्र सप्तकातली), तार गंधार बरोबर पांढरी दोनवर येतो. आमचं ईस्टरचं गाणं पुढच्या वर्षी असंच तीन पट्ट्या खाली आणलं, त्याच आज्जी त्याच बाकावर गायल्या.

चाल मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत असेल, आपली बरीच जुनी भजनं अशीच आहेत, तर पांढरी दोन धरा. खालचा पंचम पांढरी सहावर, वरचा षड्ज पांढरी दोनवर, दोन्हीकडं सगळे पोचतात.

मंद्र निषादापासून तार रिषभापर्यंत असेल तर पांढरी एक.

एवढी तीन उदाहरणं डोक्यात ठेवलीत तर बाकीचं अंदाजानं जमतं. सकाळच्या पहिल्या गाण्याला अर्धा सूर अजून खाली ठेवा, घसे उघडलेले नसतात. आणि एकदा ठरलं की पुस्तकात त्या गाण्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहा, "काळी ५", "पांढरी २" असं, नाहीतर दर रविवारी वाद.

कीबोर्ड असेल तर ट्रान्सपोजचं (सगळे सूर वर-खाली सरकवणारं) बटण हा मोठा शत्रू. आधल्या दिवशी कुणी लग्नात वाजवलेला असतो, अधिक दोनवर तसाच राहतो, आपण विश्वासानं सुरू करतो आणि पेटी एकीकडं कीबोर्ड एकीकडं. हे माझ्याबाबतीत प्रभूभोजनाच्या रविवारी झालंय, ऐन शांततेत, अजून आठवलं की कान गरम होतात. चालू केल्या केल्या आधी शून्य बघायचं. आणि जुन्या पेट्या बऱ्याचदा किंचित चढ्या असतात, तर पेटी उतरवत बसू नका, कीबोर्डमध्ये ट्यूनिंगचं सेटिंग असतं ते थोडं वर नेऊन पेटीला मिळवून घ्या. पेटीचे सूरच बिघडलेले असतील तर तो कारागिराकडं जायचा विषय, मिरज काय लांब नाही आपल्याला.

तिसरं: गाणं आधी वाचायचं, मग गायचं

हे कुणी करत नाही. गाणं हातात घेतलं की लगेच चाल. मी पहिली दहा मिनिटं नुसतं मोठ्यानं वाचून घेते, सगळ्यांनी मिळून, ठेक्यात नाही, बोलल्यासारखं. कारण श्वास कुठं घ्यायचा ते अर्थ ठरवतो. समजा ओळ आहे, "तू आम्हां न विसरशी कधी". आता कुणी "तू आम्हां न" वर श्वास तोडला आणि "विसरशी कधी" वेगळं गायलं तर मंडळीच्या कानावर काय पडतं? विसरशी कधी. देवाला विचारतोय की काय, आम्हाला कधी विसरणार म्हणून! तिथं श्वास "आम्हां" च्या पुढं घ्यायचा किंवा अख्खी ओळ एका दमात. पुस्तकात तिरकी रेघ मारून ठेवा, सगळ्यांच्या पुस्तकात त्याच जागी.

मग उच्चार. बेळगावात निम्मी क्वायर घरी कन्नड नाहीतर कोकणी बोलणारी असते, मराठी छान येतं त्यांना, पण लिहून घेताना बरेच जण कन्नड लिपीत लिहून घेतात. ळ चा काही प्रश्न नाही, कन्नडमध्ये ळ आहेच. अडतं ते च, ज, झ ला. "चरण" मधला च वेगळा, "चूक" मधला वेगळा. "जीवन" चा ज आणि "जवळ" चा ज, "माझी" चा झ आणि "माझा" चा झ. आपण देवनागरीत पण एकच अक्षर लिहितो, पण आपल्याला माहीत असतं, त्यांना लिपीतनं कळत नाही. उपाय साधा, दाताजवळच्या च-ज-झ खाली पेन्सिलीनं टिंब. एका प्रॅक्टिसमध्ये काम होतं आणि कुणाला वरमल्यासारखं पण होत नाही.

आता उलट बाजू, कारण ही चूक आपण मराठीवाले जास्त करतो आणि आपल्याला कळतही नाही. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. आपल्या लिपीत तो फरकच नाही, त्यामुळं आपण सगळंच लांबवतो. "कोडु" हा शब्द आखूड ओ नं म्हटला तर "दे". लांब ओ नं म्हटला तर "शिंग". मराठी क्वायर भक्तिभावानं डोळे मिटून देवाकडं काहीतरी मागतेय आणि समोरच्या बाकावरची कन्नड मंडळी हसू दाबतेय, हे मी स्वतः बघितलंय. कन्नड गाणं देवनागरीत लिहून घेताना लांब ए-ओ च्या डोक्यावर आडवी रेघ मारा, बाकीचे आखूड. आणि एकदा कुणा कन्नड बोलणाऱ्या माणसाकडनं वाचून घ्या, क्वायरमध्येच असतंय कोण ना कोण.

शेवटच्या अक्षराचं पण आधीच ठरवा. बोलताना आपण "नाम" असं तोडतो, गाताना शेवटचा अ लांबवून "नाम-अ" होतं. निम्मे तोडतात निम्मे लांबवतात आणि ओळीचा शेवट फाटका वाटतो. भजनाच्या चालीत लांबवलेलं बरं वाटतं, इंग्रजी चालीत तोडलेलं. काहीही करा, पण सगळ्यांनी एकच करा.

आपल्या पुस्तकात दोन जातीची गाणी आहेत, दोन्हीला एकच औषध चालत नाही

१८२० ला लंडन मिशनची माणसं बेळगावात आली, १९०४ ला ते काम मेथडिस्टांकडं गेलं. त्यांच्याबरोबर इंग्रजी चाली आल्या, त्यावर मराठी शब्द बसवले गेले. दुसरीकडं नारायण वामन टिळक, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी आपल्या मातीतल्या छंदात लिहिलं, अभंग, ओव्या, कीर्तनाच्या अंगानं. "उपासना संगीत" हे आपलं गाण्यांचं पुस्तक उघडलंत की दोन्ही शेजारी शेजारी बसलेली दिसतात. कॅथलिकांकडं तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये लोकभाषेला वाट करून दिली, तोवर मिस्सा (त्यांची उपासना) लॅटिनमध्येच, म्हणून त्यांची मराठी गाणी त्या मानानं नवी आणि चाली पण जास्त मिसळलेल्या.

हे सांगायचं कारण असं की अभंग अक्षरं मोजून चालतो, मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार. त्यामुळं तो कुठल्याही साध्या ठेक्यावर लोळत लोळत बसतो, मंडळी पटकन उचलते. इंग्रजी चालीत मात्र आघात ठरलेला असतो, आणि तो कित्येकदा मराठी शब्दाच्या चुकीच्या अक्षरावर आदळतो, ऱ्हस्व अक्षर उगीच ताणलं जातं. तिथं क्वायरनं आघात सौम्य करायचा, ढकलून गायचं नाही, आणि तबला तर अजिबात नको, नुसता ऑर्गन किंवा पेटीचे लांब सूर. उलट अभंगाला कीबोर्डवरची तयार स्टाईल लावून त्याचा बँडबाजा करू नका. माझं मत विचाराल तर ती ऑटोमॅटिक रिदमची बटणं चिकटपट्टी लावून बंद करावीत. ती माणसाचा श्वास बघत नाहीत.

चौथं: ठेका आणि रेंगाळणं

बहुतेक भजनं केरव्यात किंवा भजनी ठेक्यात बसतात, दोन्ही आठ मात्रांचे. काही दादऱ्यात, सहा मात्रा. तबलजी किंवा ढोलकवाला नवीन असेल तर त्याला महिनाभर फक्त हे तीन वाजवू द्या, तोडे, तिहाया नको. ढोलकवाल्याचा हात गाणाऱ्यापेक्षा मोठा झाला की मागचा बाक गप्प, हे समीकरण लक्षात ठेवा.

मंडळी नेहमी रेंगाळते. नेहमी. तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं बैलगाडीसारखं होतं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं १७६१ मध्ये गाण्याबद्दलच्या सूचना छापल्या होत्या, त्यात पण हेच रडगाणं आहे, ठेक्यात गा, रेंगाळू नका, आणि बाकीच्यांच्या वर आपलाच आवाज निघेल असं ओरडू नका. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात पण आपल्यासारखीच माणसं होती.

उपाय ओरडून "जलद!" म्हणण्यात नाही. गाणं सुटतं ते ओळीच्या शेवटी, शेवटचा सूर लोक धरून ठेवतात आणि पुढची ओळ उशिरा उचलतात. म्हणून क्वायरनं शेवटचा सूर वेळेवर सोडायचा, ऐकू येईल असा श्वास घ्यायचा आणि पुढचा पहिला शब्द स्पष्ट टाकायचा. दहा जणांनी एकदम श्वास घेतला की तो आवाज पुढच्या चार बाकांपर्यंत जातो, लोक नकळत तुमच्याबरोबर घेतात. हे प्रॅक्टिसमध्ये नुसतं श्वासाचं म्हणून करून बघा, गाणं न गाता, फक्त ओळींच्या मधले श्वास. सुरुवातीला हसतात सगळे.

वेग किती? घड्याळाच्या सेकंदकाट्याचा एक ठोका म्हणजे मिनिटाला साठ. साधं भजन त्याच्यापेक्षा थोडं जलद, बहात्तर ते ऐंशीच्या मधे. मोबाईलवर मेट्रोनोम फुकट मिळतो, प्रॅक्टिसच्या आधी एक मिनिट लावा आणि बंद करा, त्याच्या तालावर सगळं गाणं गायला लावू नका.

प्रॅक्टिसचा एक तास कसा घालवायचा

पहिली पाच-सात मिनिटं घसा. तोंड मिटून गुणगुणणं, ओठ फुरफुरवणं (घोडा करतो तसं, लाजायचं नाही), मग सा-रे-ग-म-प वर जाऊन खाली येणं, प्रत्येक वेळी एक पट्टी वर. वरच्या पांढरी दोनला पोचलात की थांबा, त्याच्या पुढं आपल्याला जायचंच नाहीये.

मग नवीन गाणं. ओळ-ओळ सांगायची, मी म्हणते तुम्ही म्हणा, पुस्तक बंद. आपल्याकडं माणसं कानानं शिकतात, भजनी मंडळात असंच शिकलीत, नोटेशनचा कागद दिला की घाबरतात. कठीण जागा आधी घ्या, सुरुवातीपासून नको. दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरू केलं तर पहिली ओळ पन्नासदा होते आणि शेवटचं कडवं एकदा, मग रविवारी तसंच ऐकू येतं.

दोन सुरांत गायची सगळ्यांना घाई असते, यूट्यूबवर बघून. थांबा. आधी एकच चाल सहा महिने. मग तीन-चार जणांना नुसता षड्ज धरायला लावा, तानपुऱ्यासारखा, बाकीचे वर चाल गातात. आपल्या रागदारी अंगाच्या गाण्यांना हे इतकं शोभतं की विचारू नका, आणि चुकायचा चान्स कमी. त्यानंतर इंग्रजी चालीच्या एखाद्या गाण्याला खालचा दुसरा सूर, चाल गंधारावर असेल तर खालचा आवाज षड्जावर, असं तिसऱ्याच्या अंतरानं. भैरवीतल्या भजनाला ओढूनताणून कॉर्ड लावू नका, ना इकडचं राहतं ना तिकडचं. सुळेभावी आपल्या बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, कुमार गंधर्व तिथं १९२४ मध्ये जन्मले, एवढ्या सुरेल भागात राहून एका षड्जाची ताकद विसरू नये माणसानं.

शेवटची दहा मिनिटं जुनं, सगळ्यांना आवडणारं गाणं. माणसं गुणगुणत घरी गेली पाहिजेत. आणि चहा. कुणी कुंदा आणला तर गाऊन झाल्यावर, आधी नाही, घशाला चिकटतो मग खाकरत बसतात सगळे.

नवं गाणं मंडळीच्या गळी उतरवणं

महिन्याला एकच नवीन गाणं. पहिल्या रविवारी फक्त क्वायर गाते, अर्पणाच्या वेळी, लोक ऐकतात. दुसऱ्या रविवारी ध्रुपद (दर कडव्यानंतर परत येणाऱ्या ओळी) सगळ्यांनी, कडवी क्वायरनं. तिसऱ्या रविवारी सगळं सगळ्यांनी. चौथ्या रविवारी ते गाणं घ्यायचंच नाही. पाचव्याला घेतलंत तर बघा कसं उचलतात, मधल्या एका आठवड्यात ते घरी भांडी घासताना मुरलेलं असतं. बाकी गाणी त्या दिवशी पाठ असलेलीच ठेवा. दर रविवारी पाच नवीन गाणी आणणारा उत्साही तरुण प्रत्येक मंडळीत एक असतो, त्याला प्रेमानं आवरा, कॅरोलच्या नियोजनाला लावा.

मिस्साच्या क्वायरला एक जास्तीचं सांगते, प्रवेशगीत, अर्पणगीत सजवण्यात सगळा जीव घालता आणि "प्रभू दया कर", "पवित्र पवित्र", "देवाच्या कोकरा" ही दर रविवारची गाणी दर महिन्याला चाल बदलून गाता, ते उलटं करा. रोजची गाणी एकाच चालीत वर्षभर ठेवा, लोक डोळे मिटून गातील. उपवासकाळात आल्लेलुया आणि गौरवगीत नसतं आणि वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून, तेव्हा पेटी हळू, ढोलक घरी. तो काळ खरंतर क्वायरसाठी सोन्याचा आहे, नुसत्या गळ्यावर गायची सवय तेव्हाच लागते.

दोन भाषांची उपासना

कापणीचा सण, ख्रिसमस, कॉन्व्हेन्शन, यावेळी मराठी-कन्नड मंडळी एकत्र येतात. एक मराठी गाणं मग एक कन्नड गाणं असं केलं की अर्धे लोक आळीपाळीनं फोन बघतात. त्यापेक्षा दोन्हीकडं असलेली एकच चाल निवडा, एक कडवं मराठी एक कन्नड, आणि ध्रुपदात असे शब्द जिथं भाषा संपते, हालेलुया, होसान्ना, आमेन. "येशू" म्हणायचं की "येसु" हे ज्या भाषेचं कडवं त्याप्रमाणं, त्यावर मीटिंग घेऊ नका. कागदावर दोन्ही लिपीत दोन्ही कडवी छापा, चार कॉलम होतात पण प्रत्येकजण सगळं गाऊ शकतो. भाषेचं राजकारण आपल्याकडं काय कमी आहे होय, निदान गाताना तरी दुसऱ्याचं कडवं नीट उच्चारून गाऊया एवढंच माझं म्हणणं.

माईक, पाऊस आणि बाकीच्या कटकटी

माईक जितके कमी तितकी मंडळी जास्त गाते. पुढं गाणाऱ्या एकाला माईक, क्वायरला एक किंवा दोन, तेही तीन-चार फूट लांब, तोंडात घालून नव्हे. स्पीकर माईकच्या पुढं, मंडळीकडं तोंड करून, क्वायरच्या मागं ठेवलात की शिट्टी. लोक गायला लागले की पुढच्या माणसानं माईकपासून एक पाऊल मागं सरकायचं, हे मी अक्षरशः जमिनीवर खडूनं रेघ मारून शिकवलंय.

आमच्या खानापूर भागात जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली गाणं म्हणजे पावसाशी स्पर्धा, आणि पाऊस जिंकतो. सर पडायला लागली की कडवी कमी करा, सगळ्यांना पाठ असलेलं ध्रुपद फिरवत रहा, हळुवार गाणं तर काढूच नका. दमट हवेत तबल्याची, ढोलकची पुडी उतरते, पेटीचे सूर चिकटतात. कोरड्या कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर लाकडी फळीवर ठेवा, आणि उपासनेच्या अर्धा तास आधी काढून ठेवा म्हणजे खोलीच्या हवेला येतात.

डिसेंबरचा कॅरोल राउंड. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, रात्री थंडी चांगली असते, त्यात पोरं टेंपोच्या मागं उभी राहून वारा खात ओरडतात आणि चोवीस तारखेला क्वायरला आवाजच नाही. गाडीत गाणं बंद, गाणं फक्त घरासमोर, घराला दोन कडवी, मफलर सक्तीचा. पेटी गळ्यात अडकवायचा पट्टा आधी तपासा. स्पीकर लावणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा मनाई आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, सणासाठी सरकार काही दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं पण ती त्या वर्षी कुठल्या दिवशी आहे ते पोलिस स्टेशनला आधी विचारून परवानगी घ्या. स्पीकर नसेल तरी दहानंतर शेजाऱ्यांचा विचार करा.

अजून एक, व्हिडिओ. खऱ्या धार्मिक विधीत गाणं गाण्याला आपल्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण कुणाचं नवीन गाणं रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकणं, पुस्तकात छापणं ही वेगळी गोष्ट, तिथं विचारून घ्या. जुनं चालतं, लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं उलटली की शब्द मोकळे, टिळक १९१९ ला गेले त्यामुळं त्यांच्या शब्दांना अडचण नाही. चाल नवीन असेल तर मात्र ती चाल देणाऱ्याची.

रविवारी सकाळी

अर्धा तास आधी या. गाण्यांचे नंबर फळ्यावर. पट्टीचे आकडे पेटीवाल्यासमोर. एकदा फक्त पहिल्या गाण्याची पहिली ओळ आणि शेवटच्या गाण्याचं ध्रुपद गाऊन बघा, सगळं गाऊन घसा संपवू नका. क्वायर सगळी एकत्र समोर मंचावर बसलीच पाहिजे असं काही नाही, मी हल्ली दोघा-तिघांना मधल्या आणि मागच्या बाकांवर पेरते. पहिल्यांदा क्वायरवाल्यांना राग आला, समोर दिसणार नाही म्हणून, पण मागं पक्का सूर बसला की आजूबाजूचे पाच-सहा जण त्याला धरून गातात. आज्जींच्या शेजारी सध्या मी आमच्या आवाज फुटलेल्या एका पोराला बसवलाय, खालचा सूर धरतो छान. गेल्या रविवारी त्यानं तिसरं कडवं चुकवलं तर आज्जींनी कोपरानं ढोसून त्याला ओळ सांगितली, पुस्तक न बघता, आणि गाणं न थांबवता.